विश्लेषण : सांताक्रूझला निघालेले विमान जुहूला कसे उतरले? चुकीच्या विमानतळावर उतरण्यामागे नेमके काय घडते?

२४ सप्टेंबर १९७२, रविवार. लंडनहून टोकियोकडे निघालेले जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान सकाळी मुंबईत उतरणार होते. वाटेतल्या अनेक थांब्यांपैकी मुंबई हा एक थांबा. विमान उतरलेही. पण ज्या सांताक्रूझ विमानतळावर ते उतरायचे होते, तिथे नव्हे. त्याच्या अलीकडच्या जुहूच्या लहान विमानतळावर. चार इंजिनांच्या त्या जेट विमानाला जुहूची धावपट्टी पुरणे शक्यच नव्हते. ती संपली तरी विमान थांबले नाही, पलीकडे जाऊन अडकले. काही जण जखमी झाले. सुदैवाने कोणीही दगावले नाही. विमान मात्र पुन्हा कधीच उडाले नाही.

एवढे मोठे शहर, समोर पसरलेला समुद्र, हाताशी नकाशे आणि उपकरणे, कॉकपिटमध्ये अनुभवी माणसे. तरीही विमान भलत्याच विमानतळावर कसे उतरते? आजच्या जीपीएसच्या काळात असे होऊ शकते का? आणि नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यावर मुंबईकराने यातून काय घ्यावे? समजून घेऊ.

मुंबईत दोन विमानतळ शेजारी-शेजारी का?

यातला जुना विमानतळ जुहूचा. तो १९२८ मध्ये सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे इथेच उतरले होते. भारतातील नागरी हवाई वाहतुकीची सुरुवात सांगताना जुहूचे नाव येते ते यामुळे. पण समुद्राला लागून असलेली ही सखल जागा पावसाळ्यात चिखलात बुडायची. त्यामुळे टाटांची टपालसेवा पावसाळ्यात पुण्याहून चालवावी लागे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलासाठी सांताक्रूझला मोठा तळ उभा राहिला. युद्ध संपल्यावर, १९४८ मध्ये, मुंबईची प्रवासी विमानसेवा जुहूहून सांताक्रूझला हलली. जुहू बंद झाला नाही. लहान विमाने आणि हेलिकॉप्टर यांच्यासाठी तो सुरूच राहिला. समुद्रातल्या तेलविहिरींवर कामगारांना नेणारी हेलिकॉप्टर आजही तिथूनच उडतात.

म्हणजे एकाच शहरात दोन विमानतळ झाले आणि त्यांच्यामधले अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटर, साधारण दादर टीटीहून चालत लालबागला जावे एवढे. शिवाय दोन्हीकडची एक-एक धावपट्टी जवळजवळ एकाच दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे आखलेली. गोंधळाचे मूळ इथेच आहे.

वैमानिकाला वरून काय दिसते?

समुद्राकडून सांताक्रूझच्या पूर्व-पश्चिम धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाला आधी जुहूचा किनारा लागतो, मग जुहूचा विमानतळ आणि त्यानंतर सांताक्रूझ. विमान ठरलेल्या उताराने, म्हणजे साधारण तीन अंशांच्या कोनात खाली येत असेल, तर साध्या हिशेबाने जुहूच्या परिसरावर त्याची उंची दीडशे मीटरच्या आसपास असते. तेव्हा वेग असतो ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात, म्हणजे सेकंदाला सुमारे सत्तर मीटर. एका विमानतळावरून दुसऱ्यापर्यंत जायला पाऊण मिनिटही लागत नाही.

आता अशी कल्पना करा, की हवा धूसर आहे आणि उपकरणांऐवजी डोळ्यांनी धावपट्टी शोधून विमान उतरवायचे आहे. याला ‘व्हिज्युअल अप्रोच’ म्हणतात. किनारा ओलांडताच समोर, अपेक्षित दिशेलाच, एक धावपट्टी दिसते. ती आपलीच आहे असे वाटण्यासाठी आणखी काय हवे?

त्या दिवसाबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात येते. २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य जवळजवळ अचूक पूर्वेला उगवतो. त्या दिवसांत सकाळी लवकर पूर्वेकडे तोंड करून उतरणाऱ्या वैमानिकाच्या थेट डोळ्यांत सूर्य येतो. हा पंचांग आणि नकाशा पाहून केलेला हिशेब आहे, चौकशीचा निष्कर्ष नव्हे. पण सकाळच्या धुक्यात आणि समोरून येणाऱ्या उन्हात दूरची मोठी धावपट्टी फिकट आणि जवळची छोटी धावपट्टी ठळक दिसणे अगदी स्वाभाविक आहे.

धावपट्टी लहान आहे हे कळत नाही का?

वाटते तितके सहज नाही. जुहूची मुख्य धावपट्टी आहे सुमारे १,१४० मीटर लांबीची. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी आज साडेतीन किलोमीटरच्या घरात आहे. कागदावर हा तिपटीचा फरक आहे. पण हवेतून पाहणाऱ्याच्या हाती मोजपट्टी नसते. तो पट्टीचा आकार पाहतो, तिची रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण पाहतो. लांबी आणि रुंदी दोन्ही कमी असलेली जवळची धावपट्टी ही दूरवरच्या मोठ्या धावपट्टीसारखीच भासू शकते. फरक कळतो तो चाके टेकल्यावर, शेवट झपाट्याने जवळ येऊ लागल्यावर. तोवर विमान पुन्हा वर नेण्याची संधी बहुधा निघून गेलेली असते.

धावपट्टीच्या तोंडाशी मोठे आकडेही रंगवलेले असतात. हा आकडा म्हणजे होकायंत्रावरची दिशा, शेवटचे शून्य काढून. पूर्वेकडे, म्हणजे ९० अंशांच्या आसपास तोंड असेल तर ०९. ८० अंशांच्या जवळ असेल तर ०८. आज सांताक्रूझच्या त्या टोकाला ०९ हा आकडा आहे आणि जुहूच्या टोकाला ०८. एका अंकाचा फरक. धूसर हवेत तो वाचता येईपर्यंत विमान जमिनीपासून फारसे उंच राहिलेले नसते.

१९७२ ची घटना पहिलीच होती का?

नाही. त्याआधी १९ वर्षांपूर्वी नेमके हेच घडले होते. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटनच्या बीओएसी कंपनीचे ‘कॉमेट’ हे जेट विमान सांताक्रूझऐवजी जुहूला उतरले. कॉमेट म्हणजे जगातले पहिले प्रवासी जेट. त्याची सेवा सुरू होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. ते विमान थांबले, वाचले. खरी अडचण नंतर आली. एवढ्या आखूड धावपट्टीवरून ते उडवायचे कसे? विमान जितके हलके, तितकी उड्डाणाला धावपट्टी कमी लागते. या एकाच आधारावर नऊ दिवसांनी ते जुहूहून उडवण्यात आले.

म्हणजे १९५३ मध्ये इशारा मिळाला होता. तेव्हा नशिबाने साथ दिली. १९७२ मध्ये विमान गेले, पण माणसे वाचली. हे नशीब किती मोठे होते ते त्याच वर्षीच्या इतर दोन घटनांवरून कळते. १४ जून १९७२ रोजी याच कंपनीचे, याच जातीचे विमान दिल्लीत पालमच्या धावपट्टीपूर्वीच कोसळून ८० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. २८ नोव्हेंबरला मॉस्कोत उड्डाण करताच तिसरे डीसी-८ कोसळले, त्यात ६२ जण दगावले. जुहूची घटना या दोन दुर्घटनांच्या मधली. धावपट्टीपलीकडे दाट वस्ती असलेल्या भागात ती कशीही संपू शकली असती.

असे फक्त मुंबईतच घडते का?

मुळीच नाही. लंडनमध्ये हीथ्रो आणि नॉर्थोल्ट हे दोन विमानतळ एकमेकांपासून जवळ आहेत. २५ ऑक्टोबर १९६० रोजी पॅन अ‍ॅम कंपनीचे बोइंग ७०७ हीथ्रोऐवजी नॉर्थोल्टच्या आखूड धावपट्टीवर उतरले. दोन्ही विमानतळांच्या वाटेवर गॅसच्या मोठाल्या टाक्या होत्या आणि वैमानिक त्या खूण म्हणून पाहत. टाक्या सारख्या, म्हणून खूणही फसवी. यावर काढलेला तोडगा अगदी साधा होता. एका टाकीवर हीथ्रोसाठी आणि दुसरीवर नॉर्थोल्टसाठी आकाशातून वाचता येतील अशी प्रचंड अक्षरे रंगवण्यात आली. लालबागमध्ये ‘गॅस कंपनी’ हे नाव पत्त्यात अजून सापडते. तिथली टाकी नजरेसमोर आणली, तर त्या अक्षरांचा आकार लक्षात येईल.

अलीकडची उदाहरणे तर जीपीएसच्या काळातली आहेत. २० नोव्हेंबर २०१३ रोजी अमेरिकेत विचिटा इथे बोइंगचे सुटे भाग वाहून नेणारे अवाढव्य ‘ड्रीमलिफ्टर’ विमान रात्रीच्या वेळी हवाई दलाच्या तळाऐवजी जबारा या छोट्या विमानतळावर उतरले. दोनच महिन्यांनी, १२ जानेवारी २०१४ रोजी, साउथवेस्ट कंपनीचे बोइंग ७३७ ब्रॅन्सनच्या मुख्य विमानतळाऐवजी गावातल्या लहान विमानतळावर उतरले. सव्वाशे प्रवासी आत होते. त्या धावपट्टीची लांबी होती सुमारे १,१४० मीटर, जवळजवळ जुहूइतकीच. विमान थांबले तेव्हा पुढे शंभरेक मीटरच शिल्लक होते.

२०२१ मध्ये झांबियात इथिओपियन एअरलाइन्सचे मालवाहू विमान एन्डोलाच्या चालू विमानतळाऐवजी बांधकाम सुरू असलेल्या नव्या विमानतळावर उतरले. भारतात २०१६ मध्ये अहमदाबादहून जयपूरला आलेल्या एका विमानाचे वैमानिक चक्क रस्त्याला धावपट्टी समजून खाली येऊ लागले होते. जमीन जवळ आल्याचा यंत्राचा इशारा वाजला आणि विमान वर घेण्यात आले.

मग हा वैमानिकाचा निष्काळजीपणा नाही का?

काही वेळा तोही असतो आणि चौकशीत त्यावर बोट ठेवले जाते. पण तेवढ्यावर थांबले तर पुढची चूक थांबत नाही. मूळ कारण माणसाच्या पाहण्याच्या पद्धतीत आहे. डोळे कॅमेऱ्यासारखे पाहत नाहीत. जे दिसणार अशी आपली खात्री असते, ते मेंदू आधी शोधतो. एकदा ‘सापडले’ असे वाटले, की त्याविरुद्धचे पुरावे मागे पडतात. धावपट्टी थोडी आखूड वाटते? हवा धूसर असेल. इमारती वेगळ्या दिसतात? आपण जरा बाजूने आलो असू. प्रत्येक शंकेला एक सोयीचे उत्तर मिळत जाते.

याचे ठळक उदाहरण ७ जुलै २०१७ चे. सॅन फ्रान्सिस्कोत रात्री उतरणारे एअर कॅनडाचे विमान धावपट्टीऐवजी शेजारच्या टॅक्सीवेच्या रोखाने आले. टॅक्सीवेवर चार प्रवासी विमाने रांगेत उभी होती. झाले असे, की दोन समांतर धावपट्ट्यांपैकी एक त्या रात्री बंद होती आणि तिचे दिवे मालवलेले होते. वैमानिकांच्या मनात मात्र दोन उजळलेल्या पट्ट्यांचे चित्र होते. दोन पट्ट्या दिसल्या. त्यातली उजवीकडची आपली असे त्यांनी धरले. खरी धावपट्टी डावीकडची होती. अगदी शेवटच्या क्षणी विमान वर नेले गेले.

यात आणखी एक गुंता असतो. कॉकपिटमध्ये दोन किंवा तीन जण असले, म्हणजे तपासणीही दोनदा-तीनदा होते असे आपण समजतो. पण सगळेच खिडकीतून तीच पट्टी पाहून मान डोलावत असतील, तर ती एकच तपासणी झाली. इंजिनिअरिंगच्या अभ्यासात हे पहिल्या वर्षापासून शिकवतात : दुसरे मोजमाप पहिल्यावर अवलंबून असेल, तर ते दुसरे मोजमाप नव्हेच. एकाने बाहेर पाहावे, दुसऱ्याने उपकरणांकडे. दोघांचे जुळले तरच पुढे जावे.

आता काय वेगळे आहे?

सर्वात मोठा आधार ‘इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टीम’ अर्थात आयएलएसचा. धावपट्टीजवळच्या अँटेनांमधून दोन रेडिओ किरण सोडले जातात. एक सांगतो विमान डावी-उजवीकडे सरकले आहे का. दुसरा सांगतो ते ठरलेल्या उतारापेक्षा वर आहे की खाली. सांताक्रूझच्या उताराऐवजी विमान जुहूच्या उताराने खाली येऊ लागले, तर काटा लगेच ‘तुम्ही फार खाली आहात’ असे दाखवतो. त्यामुळे समोर धावपट्टी स्वच्छ दिसत असली आणि डोळ्यांनीच उतरायचे असले, तरी आयएलएस लावून ठेवावा आणि काटे पाहत राहावे, हा या सगळ्या घटनांमधून मिळालेला धडा आहे.

दुसरा आधार जमिनीच्या अंतराचा इशारा देणाऱ्या यंत्रणेचा. तिच्या स्मरणात जगभरच्या धावपट्ट्यांची जागा नोंदलेली असते. नोंदलेल्या धावपट्टीपासून दूर कुठे विमान खाली जाऊ लागले, तर ती ओरडते. पण या यंत्रणेलाही मर्यादा आहे. खाली खरोखरच एखादी नोंदलेली धावपट्टी असेल, मग ती चुकीची का असेना, तर ती गप्प राहू शकते. उपकरण ‘जमीन जवळ आली’ हे सांगते; ‘हे तुमचे गाव नव्हे’ हे सांगायला ते प्रत्येक वेळी पुरत नाही.

तिसरा आधार नियंत्रकाचा. विचिटा आणि ब्रॅन्सनच्या घटनांनंतर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१५ मध्ये एक शिफारस केली : वाटेत गोंधळ होईल असा दुसरा विमानतळ असेल, तर विमान तो ओलांडून पुढे जाईपर्यंत उतरण्याची परवानगी देऊ नये. परवानगी हातात नसेल तर भलतीकडे चाके टेकली जाण्याचा संभव कमी होतो. मुंबईचा नकाशा समोर ठेवून ही शिफारस वाचली, तर जुहू हेच नाव डोळ्यांपुढे येते.

दादरच्या फलाटांशी याचा काय संबंध?

दादर स्थानकात पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही मार्गांवर फलाट १ होता, फलाट २ होता. ‘एक नंबरवर भेट’ म्हटल्यावर दोघे जण दोन वेगवेगळ्या एक नंबरवर उभे राहून एकमेकांना फोन करत आहेत, हे दृश्य दादरला नवे नव्हते. त्यात चुकणाऱ्यांचा गाढवपणा नव्हता. दोन वेगळ्या जागांना एकच नाव होते, एवढेच. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिम मार्गाचे क्रमांक तसेच ठेवून मध्य मार्गाच्या फलाटांना ८ ते १४ असे पुढचे क्रमांक देण्यात आले. आता दादरमध्ये १ ते १४ पैकी प्रत्येक आकडा एकाच फलाटाचा आहे.

लंडनच्या टाकीवरची अक्षरे आणि दादरचे नवे क्रमांक यांच्यामागचा विचार एकच आहे. माणूस चुकणार हे आधीच धरून चालायचे आणि सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखू येतील अशी सोय करायची. ‘नीट बघून चाला’ अशी सूचना लावणे स्वस्त पडते. पण घाईत असलेल्या, थकलेल्या किंवा डोळ्यांत ऊन आलेल्या माणसाला ती फारशी वाचवत नाही.

प्रवाशाने काय लक्षात ठेवावे?

वैमानिकाची चूक क्वचित घडते. प्रवाशाची मात्र आता सहज घडू शकते. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. आजवर तिकिटावर ‘मुंबई’ वाचले, की टॅक्सीवाल्याला ‘एअरपोर्ट’ एवढेच सांगून चालत असे. आता तसे नाही.

तिकिटावर शहराच्या नावाशेजारी तीन अक्षरांचा सांकेतिक शब्द असतो. बीओएम असेल तर आपला जुना मुंबई विमानतळ. एनएमआय असेल तर नवी मुंबई. बीओएम असले तरी टर्मिनल पाहावे : टी-१ सांताक्रूझ-विलेपार्ले बाजूला, तर टी-२ अंधेरी पूर्वेला सहारला. परळ, लालबाग, शिवडी या भागातून नवी मुंबईला जायचे तर शिवडीहून अटल सेतूची वाट जवळची आहे. सहारला जायचे तर नेमके उलट दिशेने, उत्तरेला निघायचे. एकदा सेतूवर गाडी चढली, की जवळपास २२ किलोमीटरच्या त्या पुलावर मध्येच वळून परत येता येत नाही.

म्हणून घर सोडण्यापूर्वी दोन वेगळ्या ठिकाणी तपासा. एकदा तिकिटावरची तीन अक्षरे पाहा आणि एकदा कंपनीकडून आलेला, सुटण्याची वेळ आणि टर्मिनल सांगणारा ताजा संदेश. सोबतच्याला ‘बरोबर आहे ना?’ असे विचारू नका, कारण तो तुमचाच फोन पाहून ‘हो’ म्हणेल. ‘आपले विमान कुठून आहे?’ असे विचारा आणि त्याला त्याच्या फोनवर पाहू द्या.